कॉमिक्स ग्रेडिंगला देऊन आठ महिने झाले: 30 डॉलरचे 74 कसे झाले त्याचा हिशोब

मार्चमध्ये नऊ कॉमिक्स ग्रेडिंगला पाठवली होती, आता नोव्हेंबर संपत आलाय, पाच विकून झाली, चार कपाटात उभी आहेत, तेव्हा आता शांतपणे लिहिते. गेल्या महिन्याभरात तिघांनी विचारलं की किती खर्च येतो गं, आणि दर वेळी मी "पुस्तकामागे तीसेक डॉलर" असं सांगून मोकळी झाले, जे धादांत खोटं आहे हे मला एक्सेल उघडल्यावर कळलं.

आधी थोडक्यात, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. जुनं किंवा मागणी असलेलं कॉमिक कंपनीला पाठवायचं, ते लोक पान न् पान तपासून 0.5 ते 10 मध्ये ग्रेड देतात आणि कडक प्लॅस्टिकच्या केसमध्ये सील करून परत पाठवतात, त्याला स्लॅब म्हणायचं, आणि स्लॅब नसलेलं ते रॉ. यात सगळ्यात मोठं नाव सीजीसी, 2000 सालापासून आहेत, फ्लोरिडात सॅरासोटाला. दुसरं सीबीसीएस, ते 2014 चं. मी कोणाकडे पाठवली ते मुद्दाम लिहीत नाही कारण खाली रडगाणं पण आहे, आणि तसंही फीची गणितं सगळीकडे जवळजवळ एकाच साच्यातली आहेत.

माझी कॉमिक्स कुठून आली? आम्ही न्यू जर्सीत राहतो, दोन घरं सोडून एक आजोबा होते, ते घर विकून मुलीकडे निघाले तेव्हा गॅरेज सेलला एक लांब पांढरा खोका होता, दोनशे डॉलरला अख्खा. नवरा म्हणाला रद्दी घेतेस का, मी म्हटलं हो घेते. रात्री दीडपर्यंत जमिनीवर बसून लावले सगळे अंक. त्यातून नऊ काढले: 1988 चा अमेझिंग स्पायडर-मॅन 300, ज्यात व्हेनम पहिल्यांदा पूर्ण दिसतो, 1991 चा न्यू म्युटंट्स 98 म्हणजे डेडपूलचा पहिला, स्पॉनचा पहिला अंक, त्याच्या चक्क दोन प्रती, सुपरमॅन मरतो तो 75 नंबर, चित्रकार टॉड मॅकफार्लेनचा 1990 चा स्पायडर-मॅन 1, सत्तरच्या दशकातले दोन किरकोळ स्पायडर-मॅन, आणि, हात थरथरले माझे, इन्क्रेडिबल हल्क 181. नोव्हेंबर 1974. वुल्व्हरिनचा पहिला पूर्ण अंक. त्याच्यावर नंतर येते.

आता फी. वेबसाइटवर जो आकडा ठळक दिसतो तो सगळ्यात खालच्या टियरचा, म्हणजे दराच्या पायरीचा, असतो. टियर दोन गोष्टींवर ठरतो. एक म्हणजे साल: 1975 पासूनचं ते मॉडर्न, त्याआधीचं व्हिंटेज, आणि व्हिंटेजला जास्त पैसे. मला मॉडर्नला 30 पडले, व्हिंटेजला 45. दुसरं म्हणजे पुस्तकाची किंमत, आणि इथेच सगळे गडबडतात. या दोन्ही टियरना वरची मर्यादा असते, माझ्या वेळी 400 डॉलर होती, त्याच्या वरचं पुस्तक पुढच्या टियरमध्ये, तिथे 110, आणि हजाराच्या वर गेलात की ठराविक फी संपते आणि किमतीच्या तीन-चार टक्के असा हिशोब सुरू होतो. काम तेच, माणूस तोच, प्लॅस्टिक तेच, पण पुस्तक महाग म्हणून फी महाग. सुरुवातीला मला हे लुटालूट वाटलं. नंतर पटलं थोडं, कारण पुस्तक त्यांच्या ताब्यात असताना काही झालं तर भरपाई त्या किमतीची द्यायची असते, म्हणजे फीमध्ये अर्धा विमाच आहे म्हणा ना.

मी शहाणपणा केला. फॉर्मवर किंमत आपणच लिहायची असते, मग मी हल्क 181 समोर 400 लिहिलं, व्हिंटेजमध्ये बसवला, 45 मध्ये काम होईल म्हणून. तर असं होत नाही. ते स्वतः बाजारभाव बघतात आणि मर्यादेच्या वर वाटलं तर टियर वर सरकवतात आणि फरक कार्डावर लागतो, ईमेल नंतर येतो. आणि समजा सरकवलं नसतं आणि वाटेत पार्सल हरवलं असतं, तर मला मिळाले असते चारशेच! हे मला एका जुन्या कलेक्टरने फोनवर सांगितलं तेव्हा घाम फुटला. किंमत कमी लिहून साठ-पासष्ट डॉलर वाचवायचे म्हणजे विम्यावर स्वतःच्या हाताने पाणी सोडायचं.

बरं आता हल्कची खरी गंमत. 1974 मध्ये मार्व्हलने वाचकांच्या पत्रांच्या पानावर छोटे चौकोनी स्टॅम्प छापायला सुरुवात केली होती, मार्व्हल व्हॅल्यू स्टॅम्प, शंभर जमवून वहीत चिकटवायचे, आपल्याकडे पोरं काड्यापेटीचे छाप जमवायची तसंच. साहजिकच त्या वेळच्या पोरांनी कात्री घेतली आणि कापले. हल्क 181 मध्ये 54 नंबरचा स्टॅम्प आहे, शॅना द शी-डेव्हिलचा. माझ्या प्रतीत तिथे खिडकी आहे. अगदी नीट कापलेली चौकट, एका कोपऱ्यात कात्री जरा जास्त पुढे गेलेली, आणि त्यातून मागच्या पानावरचा मजकूर दिसतो. त्या आजोबांनीच कापला असणार लहानपणी. आणि मी? मी कव्हर बघून हरखले, पानं मोजलीच नाहीत! पाठवण्याआधी पाच मिनिटं उघडून बघितलं असतं तरी दिसलं असतं. लेबलवर 6.0, पण क्वालिफाइड, खाली शेरा की स्टॅम्प नाही. म्हणजे दिसायला 6.0 पण विकायला जाल तर पूर्ण प्रतीच्या निम्म्यालाही कोणी घेणार नाही. यात विनोद असा की स्टॅम्प असता तर पुस्तक हजाराच्या वर गेलं असतं आणि मला टक्केवारी बसली असती, स्टॅम्प नाही म्हणून 110 वर भागलं. कात्रीवाल्या पोराचे आभार.

प्रेसिंग. हा वेगळा खर्च, वेगळी रांग. उष्णता, थोडी आर्द्रता आणि दाब देऊन पुस्तकाच्या वळ्या, दबलेल्या खुणा, कोपऱ्याचे वाक सपाट करतात, ग्रेडिंगच्या आधी. मॉडर्नला 20 घेतले, आणि हल्कचा टियर वर गेला तसं त्याचं प्रेसिंगही वर गेलं, 60. हे मला अपेक्षितच नव्हतं. प्रेसिंगने रंग उडालेली घडी जात नाही, हे लिहून ठेवा. शिवणीच्या बाजूला पिनांजवळ बारीक आडव्या रेषा असतात, स्पाइन टिक, गडद रंगावर पांढरा कागद दिसायला लागला की त्या प्रेसमधून जशाच्या तशा बाहेर येतात. घरी तपासायची माझी पद्धत आता अशी की ट्यूबलाइटखाली पुस्तक पंख्याच्या पात्यासारखं तिरकं धरायचं आणि हळूहळू फिरवायचं, वळी फक्त सावलीत दिसत असेल तर प्रेस, पांढरी दिसत असेल तर पैसे खिशात.

एकूण हिशोब, जसा एक्सेलमध्ये आहे तसा. ग्रेडिंग 380, त्यात सहा मॉडर्नचे 180, दोन व्हिंटेजचे 90, हल्कचे 110. प्रेसिंग चार मॉडर्न आणि हल्क मिळून 140. टियर वेगळा तर फॉर्म वेगळा, आणि प्रत्येक फॉर्मवर 5 डॉलर हाताळणी, दोन फॉर्म म्हणजे 10. सगळ्यात छोटी मेंबरशिप 25, त्याशिवाय मला थेट पाठवता येत नव्हतं. जाताना पोस्ट आणि विमा 42, येताना 58, कारण दोन फॉर्म म्हणून दोन खोकी वेगवेगळी आली, आठवड्याच्या अंतराने. नव्या पिशव्या, बोर्ड, खोका 15. बेरीज 670, भागिले नऊ, 74 डॉलर आणि वर काही सेंट. फॉर्म भरताना माझ्या डोक्यात होते 315, म्हणजे फक्त ग्रेडिंगचे, बाकी काही मोजलंच नव्हतं.

पोस्टाचं एक: स्वस्तातलं मीडिया मेल वापरू नका, पुस्तक आहे म्हणून चालेल असं वाटतं पण कॉमिक्समध्ये जाहिराती असतात म्हणून ते त्यात बसत नाही, खिडकीवरच्या बाईने मला परत पाठवलं आणि मागे उभे असलेले सगळे माझ्याकडे बघत होते.

वेळ. साइटवर चाळीसेक दिवस होते, ते कामाचे दिवस, म्हणजे आठ आठवडे, आणि मोजणी आपण पाठवल्यापासून नाही, त्यांनी खोकं उघडून सिस्टीममध्ये टाकल्यापासून. प्रेसिंगचे दिवस त्याच्या आधी. मला एकूण सतरा आठवडे लागले. त्यात सहा आठवडे स्टेटस नुसतं "मिळालं" असं होतं आणि मी रोज सकाळी चहाबरोबर ते बघायचे, दुसरा उद्योग नाही. परत आल्यावर न्यू म्युटंट्सच्या केसचा वरचा कोपरा तडकलेला. तक्रार केली, केस फुकट बदलून देतो म्हणाले, पण तिकडे पाठवायचं पोस्ट माझं! वाद घातला नाही, 9.2 चं पुस्तक तडकलेल्या कोपऱ्यासकट थोडं स्वस्तात दिलं.

आता फायदा झाला का. स्पॉन 1 चंच बघा, एकाच डब्यातल्या दोन प्रती, शेजारी शेजारी तीस वर्षं. एकाला 9.8, दुसऱ्याला 9.4, फरक म्हणजे दोन स्पाइन टिक आणि एक बोथट कोपरा. 9.8 वाला 110 ला गेला, ईबेने तेराएक टक्के कापले, हातात 95, खर्च 74, म्हणजे वीसेक डॉलर कमावले चार महिन्यांत. 9.4 वाला 45 ला गेला. हातात एकोणचाळीस. रॉ विकला असता तर पंधरा-वीस आले असते आणि डोकेदुखी शून्य. या अंकाच्या सतरा लाख प्रती छापल्या होत्या, 1992 मध्ये सगळ्यांनी मुलांच्या कॉलेजसाठी म्हणून घेऊन ठेवल्या, आता सगळ्यांकडे आहेत. सुपरमॅन 75 पण तसाच, 9.6 येऊन चाळीस डॉलर. 1991 चा एक्स-मेन 1 पाठवायचा मोह झाला होता, त्याच्या तर ऐंशी लाखांवर प्रती आहेत, बरं झालं थांबले. स्पायडर-मॅन 300 ने लाज राखली, 9.0 आला, साडेतीनशेच्या आसपास गेला, तो रॉ असता तर फोटोवरून कोणी इतके दिले नसते कारण रॉ घेणारा नेहमी वाईटात वाईट ग्रेड धरून चालतो.

म्हणून आता मी पाठवायच्या आधी ईबेवर विकले गेलेले भाव काढते, मागितलेले नाही, विकले गेलेले, आणि 9.8 नाही आला तर 9.4 ला काय मिळेल ते बघते. त्या खालच्या आकड्यातून 74 आणि ईबे वजा करून रॉच्या भावापेक्षा जास्त उरत असेल तरच पिशवी उघडते. खोक्यातल्या उरलेल्या पावणेदोनशे अंकांतून या चाळणीतून चार उतरले.

पुण्याहून मावसभावाचा फोन होता दिवाळीत, ताई, मामाची इंद्रजाल कॉमिक्स माळ्यावर सापडली, मराठी वेताळ आहेत साठ-सत्तर सालचे, तुझ्याकडे पाठवू का ग्रेड करायला. फोटो मागवले. पिना गंजून कागदात उतरल्यात, आणि प्रत्येक कव्हरवर मामाचं नाव, इयत्ता सहावी ब, निळ्या शाईत, आणि खाली "परत न देणारा गाढव". त्याला म्हटलं, तिथेच ठेव, डिसेंबरात येतेय तेव्हा वाचायला हवीत.