बाल कल्याण समितीत बालसंगोपनचं काम: पाचपैकी तीन तारे

मी अंगणवाडी सेविका आहे. वस्तीतल्या एका आजींबरोबर आमच्या जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीसमोर, म्हणजे आधाराची गरज असलेल्या मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या समितीसमोर, जावं लागलं. मुलगा वारलेला, सून माहेरी गेली ती गेलीच. घरात एक नातू, एक नात. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत मुलामागे महिन्याला २२५० रुपये मिळतात, पण त्यासाठी समितीचा आदेश लागतो. लोक हॉटेलातल्या मिसळीबद्दल पानभर लिहितात, म्हटलं ह्या ऑफिसबद्दलही कुणीतरी लिहावं.

आधी कागदांचं. आधार, रेशन कार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, वडिलांचा मृत्यूचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, बँकेचं पासबुक, आणि घरासमोर मुलांसोबत काढलेला फोटो. ह्या फोटोवरच लोक अडकतात. स्टुडिओतला चालत नाही, मागे घर दिसलं पाहिजे. आजींनी त्यासाठी अंगण सारवलं, नवं लुगडं नेसल्या. मी म्हटलं, "आजी, गरिबी दाखवायचीय, लग्न नाही." त्या म्हणाल्या, "सरकारी कागदावर फाटकी कशाला दिसू गं?"

आता आतलं. समितीला कायद्याने प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत, हे ऐकून आजींना घाम फुटला होता. प्रत्यक्षात एक टेबल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं. जागा कोर्टासारखी दिसता कामा नये, मुलाशी समोरासमोर बोलता आलं पाहिजे असा नियमच आहे, आणि तो इथे पाळलेला दिसला. एक मॅडम उठून नातवाच्या शेजारी येऊन बसल्या. शाळेचं, डब्याचं, मित्रांचं विचारून झालं आणि मग त्यांनी आजींना बाहेर थांबायला सांगितलं. आजी चिडल्या. "माझ्या पोरांना माझ्यापुढे विचारा की!" मला मात्र तिथेच ह्या लोकांबद्दल खात्री वाटली. घरात मार बसतो का, पोटभर मिळतं का, हे मूल घरच्या माणसासमोर कधीच सांगत नाही. इतकी वर्षं अंगणवाडीत पोरं सांभाळतेय, एवढं कळतं. ह्या भागाला पाच तारे.

तारे कापले ते पुढच्यासाठी. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असायला हवेत, आणि महिन्याला किमान २० दिवस बैठक व्हायला हवी. आमच्याकडे काहींची मुदत संपलेली, नवीन नेमणूक झालेली नाही. अंतिम निर्णयाला निदान तीन सदस्य हजर लागतात. म्हणजे दोघेच आले तर तुमची फाईल कितीही पूर्ण असो, पुढची तारीख. सदस्यांची मुदत तीन वर्षांची असते, ती कधी संपणार हे नेमणुकीच्या दिवसापासूनच ठाऊक असतं. मग नवी निवड आधीच का सुरू करत नाहीत? आमदारकीची निवडणूक अशी विसरतात का कधी?

दुसरं, हाताखाली माणसं नाहीत. घरी येऊन चौकशी करणारा जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा मुलगा कंत्राटी. त्याच्याकडे किती तालुके आहेत ते विचारलं, तर नुसता हसला. आजींच्या घरचा अहवाल त्याने मनापासून लिहिला होता. नात वर्गात मागे का पडली, हेसुद्धा त्यात होतं. पण तो टाइप व्हायला संगणक मोकळा मिळेना. अशा माणसाचं कंत्राट दर वर्षी लोंबकळत ठेवलं तर तो दुसरी नोकरी बघणारच, आणि नव्याला सगळी वस्ती पुन्हा पहिल्यापासून कळून घ्यावी लागणार.

आम्ही बसलो होतो तेव्हा एक हवालदार एसटी स्टँडवर सापडलेल्या पोराला घेऊन आला. असं मूल प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत समितीसमोर आणावंच लागतं. बैठक नसेल तर एकट्या सदस्याच्या घरी नेलं तरी चालतं. त्याला लगेच आत घेतलं, आमचा नंबर मागे गेला. ते योग्यच झालं. फक्त ते पोर आणि आम्ही एकाच बाकावर होतो, आणि येणारा-जाणारा प्रत्येकजण त्याला निरखत होता. एवढ्या मोठ्या इमारतीत एक वेगळी खोली मिळू नये?

आदेश शेवटी मिळाला, एकाही रुपयाची कुणी अपेक्षा केली नाही. हे मुद्दाम लिहिते.

तुम्ही जाणार असाल तर निघण्याआधी फोन करून विचारा, "आज तिघं आहेत का?" कागदांच्या झेरॉक्सचे दोन संच ठेवा. आणि तारखा पडतच राहिल्या तर सदस्यांशी वाद घालू नका, त्यांच्या हातात नेमणुका नाहीत. समितीच्या कामाचा दर तीन महिन्यांनी आढावा जिल्हाधिकाऱ्यांनी घ्यायचा असतो आणि तक्रारही त्यांच्याकडेच करता येते. आजींच्या अंगठ्याचा अर्ज मी तिथे दिलाय. काम झाल्यावर दिला. रिकाम्या जागा भरा, एवढंच त्यात लिहिलंय.