एक्स-१५चा कागद आणि माझे १,९७७ डॉलर

लाज वाटते, तरी लिहितोय. कागदाचे १,८४०, सही खरी असल्याच्या सर्टिफिकेटचे ७५, पाठवणीचे ६२. गेले.

वस्तू काय, तर एक्स-१५ या अमेरिकेच्या प्रायोगिक रॉकेट-विमानाच्या २० एप्रिल १९६२च्या उड्डाणाचा नियोजनाचा कागद, खाली नील आर्मस्ट्राँगची सही. हे तेच उड्डाण, ज्यात परतताना विमान वातावरणावरून वर उसळलं आणि जिथे उतरायचं तो एडवर्ड्सचा हवाई तळ मागे टाकून दक्षिणेकडे भरकटलं. एक्स-१५ची एकूण उड्डाणं १९९, त्यातली आर्मस्ट्राँगची फक्त ७. असा कागद समोर आला तर तुमचा हात थरथरला नसता?

मी काही काल या छंदात आलेलो नाही. याच विक्रेत्याकडून आधी ४० डॉलरचं प्रसिद्धीपत्रक घेतलं होतं, ते अस्सल निघालं. (गळाला लावलेलं गांडूळही अस्सलच असतं म्हणा.) उड्डाण क्रमांकातले तीन आकडे, म्हणजे विमान कितवं, त्याचं उड्डाण कितवं, बी-५२ या बॉम्बर विमानाने त्याला कितव्यांदा वर नेलं, हे गड्याला तोंडपाठ. अशा माणसावर संशय कसा घेणार?

पण चोरी कागदावरच छापलेली होती हो! लेटरहेडवर 'ड्रायडन फ्लाइट रिसर्च सेंटर'. नासाच्या त्या केंद्राला ड्रायडनचं नाव मिळालं १९७६ साली. १९६२मध्ये ते नुसतं फ्लाइट रिसर्च सेंटर. आणि हे मला माहीत होतं! फोटो मोठा करून दोनदा वाचलं, मग स्वतःचीच समजूत घातली की नंतर कुणीतरी जुन्या नोंदीवरून पुन्हा टाईप केला असेल. मग त्यावर १९६२ची सही कुठून आली? हा प्रश्न मला पैसे गेल्यावर अकराव्या दिवशी, दात घासताना पडला.

भिंगाखाली सहीत शाईची रेघ नाही, रंगीत ठिपके, म्हणजे सही छापलेली. मागून बोट फिरवलं, टाईपरायटरचा ठसा नाही. नवा कागद चमकवून दाखवणाऱ्या अतिनील दिव्यावर विसंबू नका. जुन्या कोऱ्या कागदावर छापलं की दिवा गप्प बसतो. आणि सर्टिफिकेट विक्रेत्यानेच मिळवून दिलं असेल तर ते चुलीत घाला.

पैसे पाठवणारी कंपनी म्हणते, तुम्ही 'ओळखीच्या व्यक्तीला' हा पर्याय निवडलात, भरपाई नाही. (कमिशन वाचेल, असं विक्रेताच म्हणाला होता. वाचले ५५ डॉलर.) लिलावाची साईट म्हणते, व्यवहार आमच्याबाहेर झाला. सर्टिफिकेटवाला म्हणतो, ते आमचं मत होतं, हमी नव्हे. पोलिसांत तीन तास बाकावर बसवलं, दोन टेबलं फिरवली, अर्ज पुन्हा लिहायला लावला, आणि शेवटी साहेबांनी विचारलं, "कागद घेतला, कागद मिळाला. मग तक्रार कशाची?" पुढच्या खेपेला तेही नव्हते. अर्ज कुठे आहे, कुणाला ठाऊक नाही.

रागाच्या भरात मी विक्रेत्याला लांबलचक मेल लिहिला. चूक कुठे, नाव कधी बदललं, सगळं सालासकट. उत्तर आलं नाही.

गेल्या आठवड्यात तोच कागद पुन्हा विक्रीला लागलाय. किंमत २,२०० डॉलर. लेटरहेडवर आता 'फ्लाइट रिसर्च सेंटर' आहे.