जर्मनीतला एजंट की शिरोलीतला आपला माणूस? चौदा महिन्यांनंतर

अकरा दिवसांपासूनच सुरुवात करतो, कारण हे लिहायला बसलो ते त्यांच्यामुळे.

आमचं मशीन शॉप कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत आहे. एसजी आयर्नची, म्हणजे एका चिवट ओतीव लोखंडाची, कास्टिंग्ज गावातल्याच फाउंड्रीतून घेतो, मशीनिंग करून हाउसिंग, म्हणजे यंत्राच्या भागांची बाहेरची कवचं, जर्मनीला पाठवतो. गेल्या नोव्हेंबरात ग्राहकाकडे इनवर्ड तपासणीत तीन नगांच्या बोअरमध्ये, म्हणजे आतल्या गोल भोकात, ब्लो होल (ओतताना गॅस अडकून पडलेली छिद्रं) निघाले. त्यांच्या क्वालिटीवाल्याने त्याच दिवशी मेल टाकला, फोटो आणि हीट नंबर, म्हणजे लोखंड वितळवलेल्या घाण्याचा क्रमांक, यांसकट. तो मेल गेला जर्मनीतल्या आमच्या विक्रीच्या एजंटला, कारण सगळा पत्रव्यवहार त्याच्यामार्फत असं करारातच होतं. मला कळलं अकराव्या दिवशी, एका ओळीत: "क्वालिटीचा किरकोळ प्रश्न आहे, बघून घ्या." फोटो नाही, हीट नंबर नाही.

त्या अकरा दिवसांत त्याच हीटचा पुढचा कंटेनर न्हावाशेव्यातून सुटला होता. जहाजं तांबडा समुद्र सोडून आफ्रिकेला वळसा घालून जात होती. म्हणजे खराब माल पाण्यावर, आणि आम्ही नुसते तारखा मोजत बसलेलो. ग्राहकाला एट-डीचं, म्हणजे तक्रारीवरच्या ठरावीक आठ टप्प्यांच्या अहवालाचं, पहिलं उत्तर, म्हणजे माल कुठे कुठे अडवला ते, एक-दोन दिवसांत हवं असतं. आमचं गेलं बाराव्या दिवशी.

मूळ फोटो हातात आला महिन्याभराने. बोअरच्या कडेला मार्करने गोल केलेला, शेजारी स्टीलची पट्टी ठेवलेली, आणि सगळी छिद्रं एकाच बाजूला. फाउंड्रीतल्या कोअरच्या (साच्यात पोकळीसाठी ठेवतात तो वाळूचा गाभा) मिस्त्रींना मोबाइलवर दाखवला. त्यांनी चष्मा वर सरकवला, फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "साहेब, कोअरचा व्हेंट बुजलाय. गॅसला जायला वाटच नाही." अर्ध्या मिनिटात. हा फोटो पहिल्या दिवशी मिळाला असता तर दुसरा कंटेनर अंगणातच थांबवला असता. म्हणून बाकी काहीही असो, माझ्या लेखी परदेशातल्या विक्रीच्या माणसाची पहिली परीक्षा एकच: ग्राहकाची तक्रार जशीच्या तशी, त्याच दिवशी पोचते का?

खर्चाचं सांगतो. एजंटला महिना दीड हजार युरो ठरलेले, वर चार टक्के कमिशन. शिवाय दर वेळी पैसे पाठवताना सीएचं १५सीबी, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना कराबाबत लागणारं, सर्टिफिकेट आणि बँकेचे चार्जेस. सहा महिने हे दर महिन्याला भरत होतो, मग तिमाहीवर आणलं. ते पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. आणि उधारीची जोखीम त्याच्यावर कधीच नव्हती. बिल बुडालं तर आपलं, म्हणून ईसीजीसीचा, म्हणजे निर्यातीच्या उधारीचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीचा, प्रीमियमही आपणच भरायचा.

डिसेंबरात मी आपला माणूस ठेवला. मेकॅनिकल डिप्लोमा झालेली सांगलीची मुलगी, पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन बी-१ या मधल्या पातळीपर्यंत शिकलेली. पगार एजंटच्या ठरलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी. ग्राहकाला रीतसर कळवलं की तांत्रिक सगळं थेट हिच्याकडे, एजंटला फक्त प्रत. हिवाळ्यात त्यांचे सकाळचे आठ म्हणजे आपले दुपारचे साडेबारा. ती जेवण आधीच उरकून फोनला बसते. ड्रॉइंगवरच्या टॉलरन्सची (मापात किती फरक चालेल त्याची) शंका पूर्वी आठवडाभर फिरायची, आता दुपारी विचारली की चहापर्यंत उत्तर येतं. कारण सोपं आहे. ती उठून मशीनपाशी जाते, नग हातात घेते आणि बोलते. तीनशे-साडेतीनशे युरोचा नग विकणाऱ्याला तो नग माहीत हवा.

जानेवारीत मी एजंटला काढायचं पक्कं केलं होतं. वकिलांनी हात धरला. करारात "भारतीय कायदा, कोल्हापूर न्यायालय" असं लिहिलंय म्हणून मी निर्धास्त होतो. पण युरोपात कमिशन एजंटसाठी १९८६चा निर्देश आहे. एजंटने नवे ग्राहक आणले असतील आणि त्यांचा फायदा तुम्हाला पुढेही मिळणार असेल, तर करार संपवताना भरपाई द्यावी लागते. जर्मनीत तिची कमाल मर्यादा गेल्या पाच वर्षांच्या सरासरीने एका वर्षाचा मोबदला, आणि करार त्याहून लहान असेल तर चालला तेवढ्या काळाची सरासरी. हा हक्क करारात आधीच सोडून देता येत नाही. मालक युरोपबाहेरचा आहे म्हणूनही सुटका नाही. कॅलिफोर्नियाच्या ईटन लिओनार्ड कंपनीविरुद्ध तिच्या ब्रिटिश एजंटच्या, इंगमारच्या, खटल्यात युरोपीय न्यायालयाने २००० साली हेच सांगितलं, आणि त्या करारातही कॅलिफोर्नियाचाच कायदा लिहिलेला होता. एजंटची गंभीर चूक सिद्ध झाली तर भरपाई टळते, पण अकरा दिवसांचा उशीर जर्मनीतल्या कोर्टात सिद्ध करायला किती युरो जातील? सही करण्याआधी हे मला कुणी सांगितलं नाही. तुम्ही तरी आधी विचारा.

इथवरचं मी फेब्रुवारीत लिहून ठेवलं होतं, आणि शेवटी "एजंट ठेवू नका" असंच लिहिणार होतो. मार्चमध्ये ते बदललं.

पुन्हा तक्रार आली, या वेळी एका फेसवर खरचट्यांची. मेल दुपारी दोनला थेट आमच्या मुलीला. संध्याकाळी सहाच्या आत लॉट ओळखून, इथला स्टॉक अडवून पहिलं उत्तर गेलं. पण तिकडे ६४० नग पडून होते आणि ग्राहक अख्खा लॉट परत करायला निघाला होता. तिथे कुणीतरी उभं राहायला हवं होतं. आमच्या मुलीला शेंगेन व्हिसाची अपॉइंटमेंटच तीन आठवड्यांनी मिळत होती. एजंटला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढून प्लँटवर गेला, दोन दिवस त्यांच्या माणसांबरोबर टेबलाशी उभा राहिला, एकेक नग उजेडात धरून पाहिला. ६१ बाजूला निघाले, बाकीचे स्वीकारले गेले. डेबिट नोट (आमच्या बिलातून कापायच्या रकमेची) ६१ नगांची आणि सॉर्टिंगच्या तासांची आली, ६४०ची नाही. तो दिवस माझा कुणी शिरोलीतून वाचवू शकलं नसतं, हे मनापासून मान्य करतो. थकलेलं एक बिलही त्याने तिथल्या तिथे त्यांच्या अकाउंट्समध्ये बसून सोडवून आणलं.

त्यामुळे आता असं केलंय: कोटेशन, ड्रॉइंग, तक्रार सगळं शिरोलीतून. एजंटची महिन्याची ठरलेली रक्कम बंद. कमिशन फक्त त्याने आणलेल्या नव्या ग्राहकावर, आणि प्लँटला जायचं काम रोजाने. ग्राहकाचा कोणताही मेल चोवीस तासांत न बदलता, जोडपत्रांसकट पुढे पाठवायचा, हे कलम मी स्वतः मराठीत लिहून वकिलांकडून इंग्रजी करून घेतलं. त्या कलमावर त्याची एक शब्दाचीही हरकत आली नाही. अडलंय ते रोजावर. तो ४५० युरो मागतोय, मी ४००वर थांबलोय.