पोर्तोकालोपिता, त्सुरेकी की सालींचं गोड? ग्रीक गोड घरी करायचंय तर आधी काय करायचं

ग्रीसला फिरून आलेली मैत्रीण परवा फोनवर म्हणाली, तिथलं काहीतरी गोड घरी करायचंय, एकच सांग, आणि मी नेहमीप्रमाणे एक सांगायच्या ऐवजी पाऊण तास बोलले. नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही तीन वर्षं अथेन्सला होतो, खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या, सगळी बिल्डिंग त्यांना याया म्हणायची (याया म्हणजे आजीच), आणि हे जे काही मला येतं ते त्यांच्या ओट्यापाशी उभं राहून शिकलेलं आहे. तर तेच इथे लिहिते, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

सरळ प्रश्न असा की पोर्तोकालोपिता करायचा, त्सुरेकी करायचा, की संत्र्याच्या सालींचं ते चमच्यावर देतात ते गोड. बक्लावा मी मुद्दाम धरलेला नाही, तो आता आपल्याकडे दिवाळीच्या बॉक्सातसुद्धा येतो आणि घरी करण्यात जितका वेळ जातो तितका फरक खाताना कळत नाही, हे माझं मत, भांडू नका.

पोर्तोकालोपिता दिसायला केक आहे पण त्यात मैद्याचं पीठ पडतच नाही. फिलो म्हणजे ती कागदासारखी पातळ पानं असतात ना, ती चुरगाळून, वाळवून, दही-अंडी-तेल-साखर-संत्र्याची किसलेली साल ह्या मिश्रणात सोडायची, बेक करायचं आणि वरून संत्र्याचा पाक. उरलेली, कडा सुकलेली फिलो वाया जाऊ नये म्हणून करायचा पदार्थ, म्हणजे आपल्या फोडणीच्या पोळीची गोड चुलत बहीण म्हणा. तिकडच्या प्रमाणात साधारण 450 ग्रॅमचं फिलोचं पाकीट, 4 अंडी, एक कप साखर, एक कप साधं तेल, एक कप घट्ट दही, दोन संत्र्यांची साल आणि बेकिंग पावडर चांगली 3-4 चमचे, 180 डिग्रीला पाऊण तास. पाकाला दोन कप साखर, दोन कप पाणी, संत्र्याचे पिळलेले अर्धे तसेच आत टाकायचे आणि दालचिनीचा तुकडा. तार बघायची नाही, चार-पाच मिनिटं उकळला की बंद.

ह्यात चुकण्यासारख्या दोनच जागा आहेत आणि मी दोन्हीकडे चुकलेय. पहिली, फिलो खरंच कडकडीत वाळली पाहिजे. पुण्यात आल्यावर मी पहिल्यांदा केला तो जुलैमध्ये, पट्ट्या कापून ताटात दोन तास ठेवल्या आणि वाटलं वाळल्या, पावसाळी हवेत कसल्या वाळतात, वर केक झाला आणि खाली अर्धा इंच उकड. आता मी ओव्हन 100 वर ठेवून वीस-पंचवीस मिनिटं वाळवते, हाताने चुरली की पापडासारखा आवाज आला पाहिजे. आणि मिश्रणात एकदम ओतायच्या नाहीत, मूठ मूठ सोडत हलवायचं, नाहीतर गठ्ठे होतात आणि मधे कोरडंच राहतं. दुसरी जागा पाकाची: केक गरम तर पाक गार, किंवा उलटं. दोन्ही गरम असले की लगदा होतो. यायाचं म्हणणं होतं की पाक आधी, सकाळी उठल्या उठल्या करून बाजूला ठेवायचा आणि मग केकच्या मागे लागायचं. केक ओव्हनमधून काढला की पळीपळीने, घाई न करता, आणि मग तीन-चार तास त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. गरम कापला तर पाक ट्रेमध्ये आणि तुकडा कोरडा.

आता संत्र्याचं. नागपुरी संत्रं खायला जगात भारी पण साल पातळ आणि सुटी, किसायला गेलं की दबते, शिवाय वास वेगळ्या जातीचा, ते मँडरिनच्या घराण्यातलं ना. ग्रीसमध्ये घट्ट सालीची नेव्हल संत्री असतात, त्यांना तिकडे मेर्लिन म्हणतात, आणि त्या सालीतच सगळी मजा आहे. आपल्याकडे माल्टा मिळाला तर उत्तम, नाहीतर सुपरमार्केटमधली इम्पोर्टेड घट्ट सालीची संत्री घ्या, मेण लावलेलं असतं म्हणून कोमट पाण्यात घासून धुवा. रस मात्र नागपुरीचा घाला, बिनधास्त. दही म्हणाल तर श्रीखंडाच्या चक्क्याइतकं घट्ट नको, तास-दीड तास टांगलं की पुरे. फिलो मोठ्या शहरात फ्रोझन मिळते, गावात नाही मिळत. समोशाच्या पट्ट्या वापरून बघितल्या, होतो, पण जाड लागतो आणि खाणारा विचारतो हे काय आहे.

त्सुरेकी ही वेगळीच भानगड आहे. तीन पेडांची वेणी घातलेला गोड ब्रेड, ईस्टरचा, त्यात लाल रंगाचं उकडलेलं अंडं खोचलेलं. ह्याच्या आधी त्यांचा मोठा उपास असतो, अंडी, दूध, लोणी, मांस सगळं बंद, आणि तो सुटतो म्हणून ह्या ब्रेडमध्ये अंडी आणि लोणी अक्षरशः कोंबलेलं असतं, किलोभर मैद्याला पाच-सहा अंडी, पाव किलोच्या आसपास लोणी, 300 ग्रॅमच्या वर साखर. पवित्र गुरुवारी अंडी लाल रंगवतात आणि मग ईस्टरला एकमेकांच्या अंड्यावर अंडं आपटून कोणाचं फुटतं ते बघतात, पोरं तर पोरं पण म्हातारेसुद्धा त्यात खोटेपणा करतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. थेस्सालोनिकीला तर त्सुरेकीत चेस्टनटचं सारण भरून वर चॉकलेटचा थर देतात, ते मात्र घरी करायच्या फंदात पडू नका.

त्याचा वास दोन गोष्टींचा असतो, माहलेपी आणि मस्तिहा. माहलेपी ही एका रानटी चेरीच्या बीमधली गर, कडू बदामासारखा वास, आपल्याकडे मिळणं कठीण. त्याच्या जागी मी वेलची आणि बदाम इसेन्सचे अगदी दोन थेंब घालते, आणि वेलची ही काही तडजोड नाहीये, तिकडेही कित्येक घरांत त्सुरेकीत वेलची पडते, काकुले म्हणतात. मस्तिहाची गंमत ऐका. खिऑस बेटाच्या दक्षिणेकडच्या गावांतच निघणारा हा झाडाचा डिंक, त्याच्या लागवडीचं आणि गोळा करण्याचं ज्ञान 2014 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं, एवढं कौतुक, आणि मी तो सामानात जपून जपून पुण्याला आणला, आणि मग कळलं की काष्ठौषधींच्या दुकानात रुमी मस्तकी म्हणून जी पुडी मिळते ती हीच! महाग असते आणि भेसळही असते, म्हणून खडे स्वच्छ, फिकट आणि कोरडे बघून घ्या. कुटताना चिमूटभर साखर घालायचीच, नाहीतर खलबत्त्याला च्युइंगम चिकटल्यासारखी बसते आणि घरचे बोलणी देतात. अर्धा चमचा एका किलोला पुरे, जास्त झाली तर ब्रेड देवळासारखा वासतो.

आणि कष्ट. साखर आणि लोणी एवढं असलं की यीस्ट मरगळतं, फुगायला दोन-तीन तास, वेणी घालून परत एक तास. हाताने मळायला वीस मिनिटं धरा, कणीक सुरुवातीला इतकी चिकट असते की माणूस मैदा घालत सुटतो आणि तिथेच ब्रेड बिघडतो. मैदा घालायचा नाही, मळत राहायचं, लोणी शेवटी थोडं थोडं. चांगल्या त्सुरेकीची परीक्षा अशी की तोडला की आतून धागे सुटले पाहिजेत, दोऱ्यासारखे ओढत यायला हवेत, आणि आपला नेहमीचा मैदा त्यासाठी जरा कमी पडतो, ब्रेडसाठीचा जास्त प्रोटीनचा मैदा आणा. माझे पहिले दोन त्सुरेकी धाग्यांचे नव्हते, इराण्याच्या बनमस्क्यातल्या बनसारखे झाले, तेही संपले म्हणा चहाबरोबर, पण याया बघती तर तोंडावर हसली असती. छोट्या ओटीजीमध्ये वरची बाजू दहा मिनिटांत काळी पडते तेव्हा रंग आला की फॉइल झाका, 165 च्या वर जाऊ नका. जमेची बाजू अशी की ईस्टर आपल्या उन्हाळ्यातच येतो, एप्रिलच्या उकाड्यात कणीक मस्त फुगते, डिसेंबरात मात्र तिला रजईत गुंडाळून ठेवावं लागतं.

म्हणजे तुलना करायची तर पोर्तोकालोपिता ही चूक पोटात घालणारी आहे, पाक सगळं झाकतो, आणि त्सुरेकीत काही झाकत नाही. पहिला एका दुपारचा, दुसरा अख्ख्या दिवसाचा. पण एक सांगते, पोर्तोकालोपिता कोणालाही आवडतो आणि संपला की विसरतात, त्सुरेकी बेक होताना जिन्यात जो वास जातो त्याने शेजारचे बेल वाजवतात.

तिसरं, ज्याच्याकडे लोक बघतच नाहीत, ग्लिको तू कुतालिऊ, चमच्याचं गोड. पाहुणा आला की छोट्या बशीत एक चमचा आणि बाजूला गार पाण्याचा ग्लास, बस. अथेन्सच्या रस्त्यांवर दुतर्फा संत्र्यासारखी फळं लगडलेली झाडं असतात आणि टुरिस्ट हमखास एक तोडून खातात आणि तोंड वाकडं करतात, ती नेरांझी, कडू-आंबट. नेरांझी हा शब्द मागे मागे नेला तर फारसी नारंग आणि आपल्या संस्कृत नारंगपर्यंत जातो, आणि गोड संत्र्याला मात्र ते पोर्तोकाली म्हणतात, पोर्तुगालवरून. तर ह्या कडू संत्र्याची जाड साल ह्या गोडाला सगळ्यात छान.

करायला सोपं आहे पण तीन दिवस लागतात. वरचा चकचकीत थर किसणीने हलकाच काढायचा, साल उभी कापून पाकळ्या करायच्या, प्रत्येकीची गुंडाळी करून सुईदोऱ्यात ओवायची, गजराच होतो अगदी. मग दोन-तीनदा पाणी बदलून उकळायचं, रात्रभर गार पाण्यात, दुसऱ्या दिवशी सालींच्या वजनाइतकी किंवा थोडी जास्त साखर घालून उकळी, तसंच ठेवून तिसऱ्या दिवशी पाक घट्ट करायचा, शेवटी लिंबू, आणि दोरा काढून बरणीत. साखरांबा केलेल्या बाईला ह्यात नवीन काही नाही, पाक किती घट्ट हवा हे तिच्या हाताला आधीच माहितीये. कडूपणा पूर्ण काढायचा नाही बरं का, जरा राहू द्यायचा, नाहीतर नुसती साखर.

नागपुरी संत्र्याची साल इथेही उपयोगाची नाही, उकळल्यावर चिंधी होते. पण पपनस! गणपतीच्या दिवसांत कोकणातून येतो तो, त्याची जाड पांढरी साल आपण फेकून देतो, तिकडे पपनसाच्या सालीचं चमच्याचं गोड आवडीनं करतात. महाळुंग मिळालं तर ते पण, त्याला ते कित्रो म्हणतात. मी दरवर्षी गणपतीनंतर पपनसाचं एक बरणीभर करते आणि ते दिवाळीला दह्यावर घालून देते, फ्रिजमध्ये महिनोनमहिने टिकतं. ओव्हन नको, अंडं नको, फिलो शोधत फिरणं नको.

अंडं चालत नसेल तर अजून दोन नावं लक्षात ठेवा, कारण तिकडच्या उपासामुळे बिनअंड्याचं, बिनलोण्याचं गोड करण्यात ते पटाईत आहेत. एक मेलोमाकारोना, नाताळची बिस्किटं, ऑलिव्ह ऑइल, संत्र्याचा रस, दालचिनी-लवंग, भाजून झाली की मधाच्या पाकात बुडवायची आणि वर अक्रोड, फक्त कणीक मळायची नाही, जेमतेम गोळा करायची, मळली की दगड. दुसरा रव्याचा हलवा, प्रमाण पाठच करा 1-2-3-4, एक वाटी तेल, दोन रवा, तीन साखर, चार पाणी. रवा तेलावर चांगला तांबूस भाजायचा आणि उकळता पाक ओतायचा, भसकन उडतो, लांब उभं राहा. म्हणजे आपला शिराच, तुपाऐवजी ऑलिव्ह ऑइल आणि केशराऐवजी दालचिनी-संत्र्याची साल. तीन वाट्या साखर मला जड जाते, मी अडीचवर थांबते. गॅसवर अर्ध्या तासात होतो, साच्यात थापून उलटा पाडला की पाहुण्यांना शिरा आहे हे कळतही नाही. वासिलोपिताचंही विचारतील कोणीतरी, तो 1 जानेवारीचा केक, आत नाणं लपवतात, संत्र्याच्या चवीचा साधा केक येत असेल तर तो येतोच तुम्हाला, नाणं तेवढं फॉइलमध्ये गुंडाळा आणि दात सांभाळा.

मैत्रिणीला शेवटी मी हेच सांगितलं की शनिवारी आठ माणसं जेवायला येणार असतील तर पोर्तोकालोपिता, शुक्रवारी रात्री करून ठेव, दुसऱ्या दिवशी तो जास्तच चांगला लागतो. त्सुरेकी पाहुण्यांसाठी पहिल्यांदा करू नकोस, एखाद्या रविवारी अर्ध्या किलोचा स्वतःसाठी कर. आणि सालींचं गोड, ते कोणी येणार म्हणून करायचं नसतं, करून ठेवायचं असतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ओटीजी बिघडलाय गं. मग काय, हलवा. ऑलिव्ह ऑइल एक्स्ट्रा व्हर्जिन घेऊ की साधं हे विचारायला काल परत फोन आला, साधं घे म्हटलं, तीव्र वासाचं घेतलंस तर सासूबाई एक घास खाऊन ताटली बाजूला ठेवतील.