पद्मिनीचं इंजिन, जुने बोल्ट आणि चिपळूणचं गॅरेज
बाबांची १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी. तिचं १०८९ सीसीचं इंजिन इथे उघडलं. मिस्त्रींनी एकेक बोल्ट धुऊन, आटे तारेच्या ब्रशने घासून नव्या बोल्टाशेजारी धरला; लांबी वाढलीय का, मान बारीक झालीय का, व्हर्नियरने मोजून दाखवलं. रॉडचे (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याचे) बोल्ट दिसायला चांगले होते, तरी नवेच घालायला लावले. "दादा, हा तुटला तर रॉड इंजिनचा ब्लॉक फोडून बाहेर येतो." पटलं. ऑइल संपचे (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याचे) बोल्ट जुनेच बसवले, खाऱ्या हवेने गंजलेले दोन सोडून. आणि आवळताना टॉर्क रेंच, म्हणजे किती जोर लागतोय ते मोजणारा पाना! आधी दुसऱ्या गॅरेजात इंजिनच्या हेडचा बोल्ट अंदाजाने आवळून तोडला होता, म्हणून याचं फार अप्रूप वाटलं. परवा गाडी कुंभार्ली घाट न तापता चढली.