एफसी-१५० ची तेलगळती : नऊ महिने आणि ४,६०० किलोमीटरनंतर

आमच्या १९७१च्या महिंद्रा एफसी-१५० पिकअपची गळती काढायला गेल्या डिसेंबरात इंजिन उघडलं. आता गणपती होऊन गेलेत. मधल्या काळात गाडी ४,६०० किलोमीटर चालली, त्यात एक कडक उन्हाळा, एक पूर्ण पावसाळा आणि चार वेळा कोकणात उतरणारा फोंडा घाट. मुद्दामच इतके दिवस थांबलो. नवं पॅकिंग घातल्यावर पहिला महिना कुठलीही गाडी कोरडी राहते. खरं काय ते तापून-निवून दमल्यावर कळतं.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. जीप बनवणाऱ्या विलीस कंपनीने अमेरिकेत १९५६च्या अखेरीस आणलेली ही गाडी महिंद्राने १९६५पासून आपल्याकडे बनवली. ड्रायव्हर पुढच्या चाकांवर बसतो आणि २,१९९ सीसीचं चार सिलिंडरचं हरिकेन पेट्रोल इंजिन दोन सीटच्या मधे, पत्र्याच्या झाकणाखाली असतं. त्यामुळे इथे गळतीचा त्रास वेगळाच. बोनेटच्या जीपमधलं तेल रस्त्यावर पडतं. एफसीमध्ये ते तापलेल्या एक्झॉस्टवर ठिबकलं की धूर सरळ केबिनमध्ये. आमच्या आण्णांनी याच गाडीतून गुळाचे रवे मार्केट यार्डात नेले, पण शेवटची दोन वर्षं आई या गाडीत बसायला तयार नव्हती. "डोकं धरतंय रे माझं," म्हणायची. शिवाय पावसाळ्यात अंगणातल्या पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग येऊन विहिरीच्या कडेपर्यंत जायचा. तो बघवत नव्हता. आमच्या भागातल्या बहुतेक एफसींना केव्हाच डिझेल इंजिनं बसली. मला मात्र मूळ पेट्रोल इंजिनच ठेवायचं होतं, आणि तेही कोरडं.

आधीच्या दोन दुरुस्त्या वाया गेल्या होत्या. दोन्ही वेळा निदान एकच : मागचं क्रँक सील, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या मागच्या टोकाशी तेल अडवणारं रबर, गेलंय. दोन्ही वेळा गिअर बॉक्स उतरवला, सील बदललं, आणि दोन महिन्यांत बेल हौसिंगच्या (इंजिन आणि गिअर बॉक्समधल्या खोळीच्या) खालच्या भोकातून पुन्हा थेंब. त्या भोकातून तेल आलं म्हणजे क्रँक सीलच, असं धरून चालणं ही सगळ्यात महागडी चूक आहे. वर कुठेही पाझरलेलं तेल ब्लॉकच्या पाठीवरून उतरतं आणि शेवटी तिथेच येतं.

तिसऱ्या वेळी पाना हातात घ्यायच्या आधी आठवडाभर नुसतं बघितलं. रॉकेल आणि ब्रशने इंजिन धुतलं. गाडीखाली पुठ्ठा टाकला आणि रोज सकाळी प्रत्येक डागाभोवती पेनाने गोल करून तारीख घातली. डाग बोटावर घेऊन वास घेतला : गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो आणि ते चिकट लागतं, इंजिन ऑइल काळं आणि पातळ. एवढ्यावरच कळलं की माझी एक गळती नसून चार आहेत, आणि त्यातल्या दोनांचा इंजिनशी संबंधच नाही. मग तेलात चमकणारा रंग टाकला, तीस किलोमीटर फिरवून आणली आणि रात्री जांभळ्या प्रकाशाच्या बॅटरीने शोधलं. क्रँक सील थोडंसं ओलं होतं. तेलाची धार मात्र ब्लॉकच्या बाजूच्या झाकणापासून निघत होती.

हे बाजूचं झाकण समजून घेण्यासारखं आहे. हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व खाली ब्लॉकमध्ये असतात. म्हणून त्याला टॅपेट कव्हरं, म्हणजे व्हॉल्ववरची झाकणं, दोन : एक वर, एक ब्लॉकच्या कुशीत, मॅनिफोल्डच्या (हवा-धुराच्या नळ्यांच्या) मागे. कुशीतलं कुणाला दिसत नाही, हात नीट पोचत नाही, त्यामुळे त्याच्याकडे कुणी बघतही नाही. माझ्या झाकणाचा पत्रा बोल्टापाशी आत दबला होता. कुणीतरी गळती थांबावी म्हणून कचकचून आवळलं, पत्रा वाकला, फट वाढली; पुढच्याने आणखी आवळलं.

पण त्याहून मोठं कारण वेगळंच निघालं. पिस्टनच्या बाजूने थोडा वायू खाली चेंबरकडे, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याकडे, उतरणारच, नव्या इंजिनातही उतरतो. तो बाहेर काढायला या झाकणापासून इनटेकपर्यंत एक नळी आणि मधे एक व्हॉल्व असतो. माझ्या गाडीत व्हॉल्व नव्हताच. नळीच्या तोंडात बोल्ट ठोकून ती बंद केली होती. म्हणजे आत दाब साचत होता आणि सापडेल त्या फटीतून तेल बाहेर ढकलत होता. मग सील कितीही बदला! चाचणी सोपी आहे. इंजिन संथ चालू ठेवून तेल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर वहीचा कागद ठेवा. माझा कागद उडाला. नळी मोकळी करून व्हॉल्व बसवल्यावर तोच कागद तोंडाला हलकेच चिकटला. एकही पॅकिंग न बदलता पुठ्ठ्यावरचे डाग निम्म्यावर आले. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकमेकांच्या जवळ होतं, म्हणून पिस्टनच्या रिंगांना हात लावला नाही.

त्यानंतर पॅकिंगं. दोन्ही कव्हरं सपाट लोखंडावर ठेवून लाकडी हातोडीने कडा सरळ केल्या. कॉर्कचं पॅकिंग झाकणाला चिकटवलं, ब्लॉककडची बाजू कोरडी ठेवली, आणि हाताने जितकं आवळेल त्याच्यापुढे फक्त पाव फेरा. नऊ महिन्यांनी वरचं कव्हर पूर्ण कोरडं आहे. बाजूचं मे महिन्यात किंचित ओलसर दिसलं. पुन्हा थोडं आवळल्यावर थांबलं. कॉर्क दबून बसतं, त्यामुळे पाचशे किलोमीटरनंतर एकदा हात फिरवायलाच हवा. पुढच्या वेळी रबर मिसळलेलं कॉर्क घेणार.

चेंबर उतरवलं तेव्हा मी खरंच हादरलो. या इंजिनात तेल ओढणारी जाळी तेलावर तरंगते, आणि तिला सिलिकॉनचे दोरे गुंडाळले होते. आधीच्या दुरुस्तीत पॅकिंगऐवजी जाडजूड सिलिकॉन चोपडलं होतं. बाहेर दिसतं तितकंच ते आतही पिळून निघतं, तुटतं आणि जाळीत जातं. आणखी काही दिवस गेले असते तर बेअरिंगं गेली असती. सिलिकॉन वाईट नाही. दोन पॅकिंगं जिथे मिळतात त्या कोपऱ्यात हरभऱ्याएवढं पुरतं.

चेंबर खाली आलंच होतं म्हणून मागचं सीलही केलं. ते दोन अर्ध्यांचं असतं, क्रँक न काढता बदलता येतं. क्रँकला खालून धरणाऱ्या मेन कॅप थोड्या सैल केल्या की क्रँक केसभर खाली येतो आणि वरचा अर्धा पितळी सळईने हळूच सरकवता येतो. सीलचा ओठ इंजिनाच्या आतल्या बाजूला, तेल लावून. दोन्ही अर्ध्यांची टोकं कॅपच्या सांध्यावर येऊ न देता थोडी बाजूला. आणि मागच्या कॅपच्या दोन्ही बाजूंना रबराच्या बारीक पट्ट्या बसतात, त्या साधारण ६ मिलिमीटर बाहेर राहायला हव्यात. चेंबर आवळल्यावर त्या दाबल्या जातात आणि सांधा बंद होतो. माझ्या गाडीत त्या ब्लेडने सफाईदार कापून सपाट केल्या होत्या! दिसायला सुंदर, आणि दोन्ही बाजूंना तेलाला वाट मोकळी. उद्यमनगरातल्या ज्या मिस्त्रींनी मला हे दाखवलं त्यांनी पन्नास वर्षं जीपच केल्यात. "दादा, ही कापायची न्हाईत, ही दाबायची असत्यात," एवढंच म्हणाले. त्यांच्या शेजारी बसून शिकलेल्या त्या दोन दुपारी मला फार मोलाच्या वाटतात.

ड्रेन प्लगचा तांब्याचा वायसर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकला की मऊ होतो आणि पुन्हा चालतो. फिल्टरचे रबरी पाइप घामेजले होते, ते नवे घातले. आजही कोरडे आहेत.

आता गिअर ऑइल. तीन गिअरच्या बॉक्सला मागे ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी, जोडलेली असते. माझ्या गाडीत बॉक्समधलं तेल ट्रान्सफरमध्ये जात होतं : एकीकडे पातळी कमी, दुसरीकडे प्लग उघडताच बाहेर. जास्तीचं तेल मागच्या सीलमधून निघून हँडब्रेकच्या ड्रमवर पडायचं, कारण ड्रम तिथेच, ट्रान्सफरच्या मागे आहे. हँडब्रेक लागत नाही म्हणून लोक लायनर बदलत राहतात. मी सील आणि लायनर दोन्ही बदलले, पण खरा फरक पडला तो दर महिन्याला दोन्ही प्लग उघडून पातळी बघितल्याने. गेल्या महिन्यात फोंड्याच्या चढावर भरल्या गाडीला हँडब्रेक लावून उतरलो, जागची हलली नाही. गिअर बॉक्समध्ये पितळेचे भाग आहेत, म्हणून तेल जीएल-४ प्रतीचं घेतो.

गळती थांबवणारं औषधही आधी एकदा वापरलं होतं. सील फुगून दोन महिने बरं वाटलं, मग पूर्वीपेक्षा जास्त गळायला लागलं. माझं मत विचाराल तर घेऊ नका.

आकडे सांगतो. आधी दर ३०० किलोमीटरला अर्धा लिटर तेल घालावं लागायचं. आता २०डब्ल्यू-५० जातीच्या मिनरल इंजिन ऑइलवर हजार किलोमीटरला पाव लिटर, म्हणजे २५० मिलिलिटरपेक्षा कमीच. सगळा खर्च मजुरीसह साडेनऊ हजारांच्या आत. वाया गेलेल्या दोन दुरुस्त्यांना मिळून याच्या दुपटीहून जास्त गेले होते.

एक काम राहिलंय. पुढच्या डाव्या चाकाच्या सांध्याचा लोखंडी गोळा गंजाने खडबडीत झालाय, त्यामुळे नवं सील आणि नमदा (दाबलेल्या लोकरीची पट्टी) घालूनही तेल पाझरतंच. गोळा घासून गुळगुळीत करायला हवा किंवा चांगला जुना शोधायला हवा. कुणाकडे असेल तर जरूर कळवा. पुठ्ठ्यावर आता रोज सकाळी तेवढा एकच डाग असतो, आठ आण्याच्या नाण्याएवढा. इंजिनाखालचा पुठ्ठा कोराच असतो, आणि गेल्या सोमवारी आई माझ्याबरोबर जोतिबाला जाऊन आली, काच बंद करून.