दोघांसाठी कॅम्पर: कच्छ ते स्पिती वापरून झाल्यावर

ट्रॅव्हलर मिनीबसची कॅम्पर, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, करून घेतली आणि फेब्रुवारीत पुण्याहून निघालो. कच्छ, राजस्थान, पंजाब आणि ऊन वाढल्यावर हिमाचलातलं किन्नौर-स्पिती. परत आल्यापासून सगळे गाडीचं मायलेज विचारतात. सामान काय नेलं, कुठे ठेवलं, हे कोणी विचारत नाही. दोघांची भांडणं मात्र त्याच्यावरूनच होतात.

आधी बेड. टेबल खाली पाडून त्याचा बेड करायची सोय फॅब्रिकेटर मोठ्या कौतुकानं दाखवतात. शनिवार-रविवारला ठीक आहे. महिनोन्‌महिने राहायचं तर रोज गाद्या लावा, रोज काढा, आणि एकाला अजून झोपायचं असतं तेव्हाच दुसऱ्याला चहा हवा असतो. राजस्थानात शिरेपर्यंत आम्ही बेड कायमचा घालून टाकला आणि जेवण बाहेर घडीच्या खुर्च्यांवर नेलं. रात्री ज्याला उठावं लागतं त्यानं दाराच्या बाजूला झोपायचं, हे घरूनच ठरवून निघा.

कपड्यांना प्रत्येकी एक क्रेट, झाकण लागेल एवढंच. तिसरा क्रेट लोकरीचा, तो मागे सगळ्यात खाली. किन्नौर येईपर्यंत तो उघडलाही नाही. वस्तू कशी लावायची याचं आमचं साधं गणित झालंय: चालत्या गाडीत लागणारं पुढच्या सीटवरून हाताला यावं, गाडी थांबल्यावर लागणारं दारातून. टॉर्च, टॉयलेट पेपर, औषधं, पाण्याची बाटली, छत्री. बाकी सगळं खाली गेलं तरी चालतं. ‘असू दे, लागेल’ म्हणून घेतलेल्यातलं निम्मं अमृतसरहून कुरिअरनं घरी पाठवलं. त्यात ह्यांचा ड्रिल मशीनचा सेट होता आणि माझा सँडविच टोस्टर. फिट्टंफाट.

पाण्याची टाकी ८० लिटरची, म्हणजे भरली की ८० किलो. सपाटीवर अर्धीच भरायची, पाणी पेट्रोल पंपावर, ढाब्यावर मिळतं. पिण्यासाठी २० लिटरचा जार वेगळा.

विजेचं थोडं सविस्तर, कारण यात बरेच जण फसतात. आमची लिथियम बॅटरी १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-अवरची, म्हणजे अडीच युनिट. छतावरच्या सोलरवर डीसी (थेट बॅटरीवर चालणारा) फ्रीज, पंखा, दिवे, फोन आरामात चालतात. इंडक्शन नाही. १५०० वॅटची शेगडी इन्व्हर्टरमधून जाताना बॅटरीतून सव्वाशे अँपिअर ओढते. भात होईपर्यंत ठीक, पण दोन वेळचा स्वयंपाक त्यावर काढायचा तर रात्री फ्रीज बंद. आणि ही बॅटरी शून्य अंशाखालच्या थंडीत चार्ज करायची नसते, म्हणून ती बेडखालीच हवी, बाहेरच्या पेटीत नको.

त्यामुळे गॅस लागतोच. पाच किलोचा सिलिंडर दोघांना पुरतो, पण थंडीत पहाटे ज्योत मरगळते, कारण त्यातल्या ब्युटेनची शून्याच्या आसपास वाफच नीट होत नाही. स्पितीतल्या काझाला चहा ऊन आल्यावरच. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. म्हणून जमिनीलगत झरोका असलेलाच कप्पा करून घ्या. आणि कितीही गारठा असो, शेगडी हीटर म्हणून लावायची नाही.

काझा सुमारे ३,८०० मीटरवर आहे. पाणी तिथे ८७-८८ अंशांनाच उकळतं, पातेल्यात डाळ दिवसभर ठेवली तरी दाताखाली येते. तीन लिटरचा कुकर आणि जास्तीची गास्केट, यावर तडजोड नको.

खाण्यातलं मेतकूट, गोडा मसाला, आमसुलं आणि भाजणी शेवटपर्यंत कामाला आली. ज्वारीचं पीठ भरपूर न्यायचा हट्ट माझा होता. महिन्याभरात त्याची विरी गेली, भाकरी थापताना कडा फाटायला लागल्या. मग उकड काढून भाकऱ्या केल्या, आणि बाजरी राजस्थानातच ताजी दळून घेतली. वर चढताना बंद पुड्या फुगून टम्म होतात. तेलाच्या लोणच्याच्या बरणीचं झाकण वर जाताना एकदा सैल करून परत लावा, नाहीतर खार कप्प्यात. स्टीलच्या डब्यांमध्ये फडकी कोंबा, घाटात तो खडखडाट डोकं उठवतो.

कप्प्यांना वर्कशॉपनं लोहचुंबकाची बंदं बसवली होती. किन्नौरच्या रस्त्यावर दारं आपोआप उघडून तांदूळ खाली. रामपूरला सुतारानं साध्या पितळी कड्या लावून दिल्या, तेव्हापासून शांतता.

केमिकल टॉयलेट फक्त रात्रीसाठी वापरलं, दिवसा पंप आणि ढाबे. रिकामं करायची पाळी एक दिवसाआड, त्यात सूट नाही.

कागदांत एवढंच: गाडीत बदल केला की आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद हवी, विमा कंपनीलाही कळवलेलं हवं. लडाखला जायचं असेल तर बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. दोघांकडे वेगवेगळ्या कंपनीचं पोस्टपेड ठेवा. स्पितीला आम्ही सिमल्याकडून गेलो. कल्पा, नाको, ताबो करत उंची हळूहळू वाढते. मनालीकडून कुंझुमची ४,५५१ मीटरची खिंड लगेच अंगावर येते, आणि आमच्या वयाला ते नको होतं.

गाडीची उंची डॅशबोर्डवर मोठ्या आकड्यांत चिकटवली आहे. गावाच्या वेशीवरचे लोखंडी अडथळे आणि पार्किंगच्या कमानी पाहिल्यावर ती आठवत बसायला वेळ नसतो. आता दिवाळीआधी टेबलाचा अख्खा सांगाडाच काढून तिथे दोन खोल ड्रॉवर करून घेतोय. एक ह्यांचा, एक माझा.